घोरणे आणि जिभेचा व्यायाम

घरातील कोणी मोठ्याने घोरू लागले, की त्यास गाढ झोप लागली असे आपण समजतो. परंतु ते घोरणे मध्येच थांबते, काही क्षण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन ते पुन्हा सुरू होते, तेव्हा सावध झाले पाहिजे. त्या शांततेत बहुधा श्वास अडलेला असतो. या विकारास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी ठेवतात. निद्रेत ते सैल पडतात. जीभ मागे सरते, मऊ टाळू खाली येतो आणि वाट मिटते. रक्तातील प्राणवायू घटला, की मेंदू क्षणभर जागा होऊन ती मोकळी करतो. रात्रभर हेच चालल्यावर दिवसा पेंग येते आणि रक्तदाबही वाढू शकतो.

मग या स्नायूंनाच बळकट केले तर? ब्राझीलमधील साओ पावलो येथील संशोधकांनी मध्यम स्वरूपाचा विकार असलेल्या 31 रुग्णांवरील प्रयोग 2009 साली प्रसिद्ध केला. एका गटाने तीन महिने रोज सुमारे अर्धा तास व्यायाम केला: जिभेचे टोक टाळूला टेकवून मागे सरकविणे, सबंध जीभ टाळूला चिकटवून धरणे, स्वर उच्चारून मऊ टाळू वर उचलणे. दुसऱ्या गटाने केवळ दीर्घ श्वसन केले. पहिल्या गटात श्वास अडण्याचे वा मंदावण्याचे प्रसंग ताशी सरासरी 22 वरून 14 वर आले. दुसऱ्यात तशी सुधारणा दिसली नाही.

हा लाभ खरा. परंतु प्रौढांत ताशी पाचाहून कमी प्रसंग सामान्य मानतात. म्हणजे चौदावर आलेला रुग्ण सुधारला, बरा झाला नव्हे. म्हणून हा व्यायाम पूरक होय. 1981 साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलेला, मुखवट्यातून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारा उपाय आजही प्रमुख आहे. वजन घटविणे आणि रात्रीचे मद्य टाळणे हेही आवश्यकच.

व्यायाम तज्ज्ञाकडून शिकावा आणि नेमाने करावा. मात्र घोरण्याचा आवाज मंदावला म्हणून मुखवटा दूर सारू नये. तो निर्णय निद्रेची पुन्हा तपासणी झाल्यावर वैद्यांनीच द्यावयाचा असतो.