भक्तीचं माप

धान्याला पायली आहे, तापाला थर्मामीटर आहे. मग निष्ठेला माप आहे का हो? हसू नका, आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सांता क्लारा नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या थॉमस प्लांटे आणि मार्कस बोकाचिनी यांनी १९९७ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात विधानं दहा. रोज प्रार्थना करता का, जगण्याला अर्थ श्रद्धेतून मिळतो का, अशा धर्तीची. प्रत्येकाला एक ते चार गुण. म्हणजे कमीत कमी १०, जास्तीत जास्त ४०. पुढे कॅन्सरच्या रुग्णांना ही लागू पडते का, तेही तपासलं. तो लेख २००१ साली आला आणि माप भरवशाचं ठरलं.

डॉक्टरांना हे कशाला हवं? अहो, गाठीचा आकार यंत्रात दिसतो. रात्री दोन वाजता हा माणूस कशाला धरून जागा आहे, ते यंत्रात दिसत नाही.

आता कान देऊन ऐका. हे गुण भरतो कोण? रुग्ण स्वतः. स्वतःच्या श्रद्धेबद्दल तो जे सांगतो, तेवढंच त्यात उतरतं. गाठ विरघळेल की नाही, हे त्या चाळिसात कुठंही लिहिलेलं नाही. आणि आपल्याकडे काय चालतं? माळकरी बाई आजारी पडली की शेजारीण येऊन सांगते, "तुझी सेवा कुठंतरी कमी पडली गं!" त्या बाईला आधीच केमोनं ओकाऱ्या होतायत, त्यात हे! कुणी म्हणतं, औषध सोड, अंगारा लाव. माउली, हा घात आहे, घात.

केनेथ पार्गमेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञाचंही एक माप आहे. त्यात उलट बाजूही विचारतात: देवानं टाकलं असं वाटतं का? शिक्षा दिली असं वाटतं का? मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कारण देवावर रागावलेला रुग्ण लोकलाजेनं गप्प बसतो आणि आतल्या आत कुढतो. आमची जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालत होती! तिला कुणी अभक्त म्हटलं का? परक्याशी इतकं कोण भांडतं?

तेव्हा रुग्णाला भेटायला गेलात, तर आधी त्याचं ऐका. केमोनंतर कुणाकुणाचं तोंड येतं, पाणीसुद्धा झोंबतं. त्याच्या तोंडून नाम निघालं नाही, तर शेजारी बसून तुम्ही घ्या. हळू घ्या. डोळा लागला असेल तर मनातल्या मनात घ्या, आणि निघताना घरच्यांना विचारा, पुढच्या केमोला न्यायला गाडीची सोय झाली आहे का.