पाकिटावर नाव कुणाचं?

भारतातून लंडनला आलेल्या बायकांबरोबर मी काम करते. नवरा, व्हिसा, नोकरी या त्यांच्या अडचणी तुम्ही ऐकून आहात. आज मी एका साध्या पाकिटाबद्दल बोलणार आहे.

नव्या घरात बिऱ्हाड लागतं न लागतं तोच कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्र येतं. वर नाव नसतं, नुसतं ‘रहिवासी’. आत विचारलेलं असतं, या घरात मतदार व्हायला पात्र कोण कोण आहे? उत्तर न दिल्यास १००० पौंडांपर्यंत दंड. दंडाचा शब्द वाचला की घाबरगुंडी उडते. कुणी पत्र फाडून टाकतं, ‘आपण इथले नागरिक नाही, मग मतदार कसले?’ कुणी अमेरिकेतल्या दिराला फोन करतं. तो बजावतो, ‘सही करू नका, देशाबाहेर काढतील.’ त्याच्या जागी त्याचं बरोबरच आहे. नागरिक असल्याचं खोटं सांगून मतदार झाल्यास अमेरिका खरंच बाहेर काढू शकते. ब्रिटनचा कायदा निराळा. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून वैध व्हिसावर राहणाऱ्या प्रौढ भारतीयाला तिथे मत देता येतं, अगदी पार्लमेंटसाठीही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोलाही. शेजारच्या नेपाळी बाईला मात्र नाही, कारण नेपाळ राष्ट्रकुलात नाही. आणि तिथे मत दिल्यानं भारतीय नागरिकत्व जात नाही.

२०१४ पर्यंत घरातल्या एकानं फॉर्म भरला की सगळ्यांची नोंद होई. हा ‘एक’ बहुतेक वेळा कोण, ते तुम्हाला सांगायला नको! आता प्रत्येकीला स्वतःचा अर्ज करावा लागतो. पण घरात कोण राहतं हे सांगणारा कागद अजून एकच असतो, आणि तो ज्याच्या हाती पडेल तो भरतो. आमच्याकडे आलेल्या एका बाईच्या नवऱ्यानं त्यावर फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. ‘हिला काय करायचंय मतदान?’

आपल्याला हे नवं नाही. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांची नोंद अमक्याची बायको, तमक्याची आई अशी होती.

त्या बाईचा अर्ज आम्ही तिच्यासमोर बसून भरला. नॅशनल इन्शुरन्स नंबर नव्हता. तसं कळवलं की दुसरे कागद मागतात. मग तिनं विचारलं, ‘ह्यांना कळेल का?’ कळू शकतं. यादी कौन्सिलच्या कार्यालयात कुणालाही पाहता येते. मत कुणाला दिलं ते मात्र नाही. अर्ज पाठवायचा की नाही हे तिचं तिनं ठरवायचं होतं. तिनं पाठवला.

मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईला मात्र ही उघडी यादी घातक ठरू शकते. तिच्यासाठी निनावी नोंदणीची सोय आहे. यादीत नाव-पत्ता येत नाही. पूर्वी त्यासाठी कोर्टाचा हुकूम किंवा बड्या अधिकाऱ्याची साक्ष लागे, ती कुठून आणायची? २०१८ पासून डॉक्टर, नर्स किंवा निवारागृहाची व्यवस्थापिकाही साक्ष देऊ शकते. ही नोंद बारा महिनेच टिकते, मग पुन्हा अर्ज. कुणाची मुदत कधी संपते, ते आम्ही कार्यालयातल्या एका वहीत लिहून ठेवतो.