दोषाची नोंद कोणाच्या नावावर?



कारखान्यातला माल संगणकात कसा लावतात, हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. येथे साहित्यावर बोलावे, तत्त्वज्ञानावर बोलावे. परंतु आम्ही सातवीनंतर शाळा सोडलेले लोक. पुढचे शिक्षण झाले ते भट्टीपाशी आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा तेथे जे पाहिले तेवढेच सांगू.

कोल्हापूरकडच्या फौंड्रीतले कास्टिंग घ्या. पूर्वी तपासनिसाच्या हाती जाड रजिस्टर असे. आता गुणवत्तेचे सॉफ्टवेअर आले आहे. त्यात आधी मालाचे वर्ग मांडतात: ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, हाउसिंग. वर्गाखाली मॉडेले, मॉडेलाखाली गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, ऑर्डरीखाली रोजचे लॉट. नग नापास झाला की त्याची नोंद या झाडाच्या कुठल्या तरी फांदीला टांगावी लागते. ऐकायला सोपे आहे. पण जी फांदी झाडाला ठेवलेलीच नाही, तिला काही टांगता येत नाही. आमचे सारे भांडण त्यावरून झाले.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, एका हाउसिंगमध्ये ब्लो होल फार येऊ लागले. ब्लो होल म्हणजे ओतताना वायू अडकून धातूत राहिलेली पोकळी. वाळूत ओल जास्त झाली, कोअर नीट भाजला गेला नाही, साच्यातून वायू निघायला वाट कमी पडली, अशी त्याची कारणे पुष्कळ. तेथील सॉफ्टवेअरात मात्र नोंदीला तीनच रकाने भरत असत: मॉडेल, दोष आणि कामगाराचा क्रमांक. महिनाअखेर यादी निघाली, तीत मोल्डिंगवरची तीन कंत्राटी पोरे सर्वांत वर. त्यांना पुढच्या महिन्यापासून घेऊ नये, असे ठरले. त्यांतल्या एकाचे लग्न तोंडावर आले होते.

आम्ही तपासणीच्या कच्च्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि चार रात्री कचेरीत बसून त्या पुन्हा लावल्या. पहिल्याच रात्री दिसले की, ते एकच हाउसिंग संगणकात तीन नावांनी नांदत होते. कोणी पूर्ण नाव लिहिले, कोणी आद्याक्षरे, कोणी गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर. ज्या पाळीला जसे सुचले तसे! साहजिकच दोषही तीन घरांत वाटला गेला होता. पुढे कळले की, या मॉडेलाच्या ऑर्डरी दोन होत्या. एका ऑर्डरीचे नग कारखान्यातच मशिनिंगला जात, कातले की पोकळी उघडी पडे. दुसरीचे नग कच्चेच रवाना होत. त्यांच्या पोटातली पोकळी गिऱ्हाइकाकडे सापडे आणि ती तक्रार विक्री खात्याच्या वहीत जाई. ही पोरे पहिल्या ऑर्डरीवर होती, एवढाच त्यांचा गुन्हा. विक्री खात्याची वही शेजारी ठेवली, चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलेले कोअरचे लॉट जुळवले, तेव्हा दोन्हीकडचे नासके नग बहुतेक एकाच लॉटाच्या कोअरवर जाऊन थांबले. ते कोअर बाहेरून आलेले होते. पोरे कामावर राहिली.

यात आमची काही नवी अक्कल नाही. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-तक्ता काढला, तो नेहमीचा चढउतार कोणता आणि शोधण्याजोगे कारण कोणते, हे वेगळे करण्यासाठीच. हे गृहस्थ १९४७-४८ साली भारतातही येऊन गेले. जपानचे इशिकावा यंत्रवार, मालवार, पाळीवार आकडे वेगळे मांडायला शिकवीत. आणि डेमिंग यांचा अंदाज तर असा की, शंभरांतल्या ९४ अडचणी व्यवस्थेच्या असतात आणि त्यांची जबाबदारी व्यवस्थापनाची. हा आकडा आम्ही वाटाघाटीत पुष्कळदा वापरला आहे. समोरच्या साहेबांना तो आवडत नाही.

दंड किंवा नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण हीट नंबर, कोअरचा लॉट, ड्रॉइंगची आवृत्ती यांतले काहीच नोंदले गेले नसेल, तर त्याने बाजू मांडावी कशाच्या आधारावर? म्हणून वर्ग आणि मॉडेले ठरविताना कामगार बसला पाहिजे, अशी आमची मागणी. ‘हा तांत्रिक प्रश्न आहे,’ असे उत्तर मिळाले. वाळू किती ओली आहे हे मुठीत दाबून सांगणारा माणूस तांत्रिक नाही, आणि संगणकात तीन नावे घालणारा तांत्रिक, हा न्याय आम्हांला उमगला नाही.

आता त्या कारखान्यात नवे मॉडेल उघडायचे तर मोल्डिंग, मेल्टिंग आणि तपासणी यांतल्या एकेका माणसाची सही लागते. ऑर्डर आणि कोअरचा लॉट भरल्यावाचून नोंद पुढे सरकत नाही. दोषांच्या यादीतला ‘इतर’ हा रकाना मात्र अजून उघडाच आहे. घाई झाली की सगळे त्यातच लोटतात. तो बंद करावा की त्याखाली कारण लिहिण्याची सक्ती करावी, यावर कामगारांतच दोन मते आहेत. पाळी संपताना तपासनिसाला बस गाठायची असते, तेही खरेच आहे.