बेडकाला अंगणही हवं

संकुचित माणसाला आपण ‘कूपमंडूक’ म्हणतो. बेडकावर हा अन्यायच आहे. आमच्या परसातल्या हौदावर जांभळीची एक फांदी झुकली आहे. पावसाळ्यात झाडबेडकी तिच्या पानांवर फेसाचं घरटं करते. फेस विरला की बेडूकमासे टपटप पाण्यात पडतात. पुढे पाय फुटतात, शेपूट जिरते, आणि पिल्लू हौद सोडून निघतं. मग त्याचं घर म्हणजे ओला पाचोळा, कुंडीखालची माती. पाण्याकडे ते परततं ते विणीसाठी. डराव डराव ही नराने मादीला घातलेली साद असते.

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. आता मात्र आपणच अंगणभर फरशी घालतो, पाचोळा जाळतो. आमच्या गल्लीत फरश्या बसल्या. हौद तोच राहिला, पण आवाज विरळ झाले.

हौद असेल तर काठाला दगडांचा उतार द्या, म्हणजे पिल्लांना वर येता येईल. त्यात शोभेचे मासे सोडू नका. ते बेडूकमासे खातात. आणि हातभर माती उघडी ठेवा. पावसाची वर्दी देणारा हा शेजारी तेवढंच मागतो.