जामीन झाला, पण जामीनदार कोण?

(चंद्रपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



चंद्रपूरचे जिल्हा कारागृह आपण सर्वांनी बाहेरून पाहिले आहे. 21 ऑक्टोबरला तेथे जाणारेही आपल्यात पुष्कळ असतील. 1858 साली त्याच दिवशी वीर बाबूराव शेडमाके यांना तेथील पिंपळावर फाशी देण्यात आली. मोलमपल्लीचा हा जमीनदार तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्या पिंपळाला आपण हात जोडतो. त्याच भिंतींच्या आत आज जी माणसे आहेत, त्यांच्याविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही.

कारागृह म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा, असे आपण धरून चालतो. वस्तुतः राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील 5 लाख 73 हजार बंद्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा निकालच लागलेला नव्हता.

आतला दिवस ठरलेला असतो. सकाळी टाळे उघडते, मोजणी होते. सायंकाळी पुन्हा मोजणी आणि बराक बंद. सक्तमजुरीच्या बंद्याला काम असते, थोडी मजुरी असते, वर्तणूक चांगली असेल तर शिक्षेत माफी मिळते. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नाही. ऐकायला हे बरे वाटते. पण काम नाही म्हणजे मजुरी नाही, आणि दिवस सरत नाही. कँटीनमधून साबण-तेल घ्यायचे तर पैसे घरून यावे लागतात.

आणि घर कोठे? सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला, तरी तेथील कच्चे कैदी वर्षानुवर्षे चंद्रपूरला नाही तर नागपूरला पाठविले गेले. भामरागडकडच्या आईला मुलाच्या मुलाकतीसाठी यायचे तर एक दिवस येण्याचा, एक जाण्याचा. मजुरी बुडाली ती वेगळीच. पर्लकोटेला पूर आला की तोही मार्ग खुंटतो. एवढे करून भेट काही मिनिटांची. व्हिडिओवरून मुलाकतीची सोय झाली आहे खरी; पण त्यासाठी गावात नेटवर्क हवे. शिवाय मुलगा माडिया बोलणारा, न्यायालयाचे कामकाज मराठीत. आपल्या खटल्यात पुढची तारीख का पडली, हे त्याला समजावून सांगणारा कोण?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जामीन मंजूर झाला की माणूस सुटला, असे आपल्याला वाटते. तसे नसते. न्यायालय जामीनदार मागते. जामीनदाराने सातबारा आणावा, तहसीलचा ऐपतीचा दाखला आणावा. वनहक्काचा पट्टा मिळालेली जमीन वारसाहक्काने पुढे जाते, पण कायद्याने ती विकता येत नाही. मग तिची ऐपत किती धरायची? नातेवाईक सारे त्याच गावचे आणि त्याच परिस्थितीतले. परिणामी आदेशाचा कागद फाईलमध्ये राहतो आणि माणूस बराकीत.

येथे कोणी विचारील, नक्षलवाद्यांची वकिली करता काय? मुळीच नाही. ज्यांनी या अरण्यात जवानांचे आणि निरपराध वनवासींचे रक्त सांडले, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. त्यांच्या जामिनाचे निकषही कडक आहेत आणि ते तसेच असावेत. मी बोलतो आहे ते मारामारीत, वनगुन्ह्यात, दारूच्या प्रकरणात अडकलेल्या आणि न्यायालयानेच सोडा म्हटलेल्या माणसाविषयी.

1975 साली मिसाखाली ज्यांच्या घरची माणसे नाशिक, येरवडा, नागपूरला होती, त्यांना कारागृह काय असते हे सांगायला नको. पण त्या बंद्यांजवळ विचार होता, सोबत होती, आणि मागे घराकडे पाहणारे कोणी ना कोणी होते. या माणसाजवळ यातले काहीच नाही.

कायदा मात्र अगदीच आंधळा नाही. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की जामीन होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, हेही न्यायालयाने नोंदविले. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांच्या जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंत साहाय्याची योजना आणली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत. एकाहून अधिक खटले असणाऱ्यालाही तो लाभ नाही. कोठडीतील प्रत्येकाला विनामूल्य वकिलाचा हक्क तर 1987 च्या कायद्यापासूनच आहे.

तरतुदी आहेत, त्या घेऊन धावणारा माणूस नाही. आपल्यातील वकील मंडळींनी महिन्यातून एक दिवस प्राधिकरणाच्या कार्यालयात बसावे. माडिया किंवा गोंडी जाणणारा कार्यकर्ता सोबत असावा. ज्यांच्या नावावर शेती आहे, त्यांनी जामीनदार राहण्याचा विचार करावा. भावनेच्या भरात मात्र सही करू नका. आरोपी तारखेला आला नाही, तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून आधी त्याच्या गावी जा, पाटलाला आणि गायत्याला भेटा, घर पाहा. आणि तारखेच्या दोन दिवस आधी गावात निरोप कोण नेणार, हे तेथेच ठरवून या.