पुस्तक येण्याआधी बोला

अभ्यासक्रम कसा बदलतो यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. पुस्तक माझ्या हातात येतं तेव्हा त्यातला एक शब्दही मला बदलता येत नाही. म्हणून ते येण्याआधी कुठून कुठून जातं, ते सांगतो.

सरकारच्या मनात आलं आणि बालभारतीने पुस्तक छापलं, इतकं ते सरळ नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे अभ्यासक्रम ठरवण्याचं काम शैक्षणिक प्राधिकरणाचं असतं. आपल्याकडे ते पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. 2020 चं राष्ट्रीय धोरण, त्यावरून 2023 चा राष्ट्रीय आराखडा, त्यावरून राज्याचा आराखडा. त्यातून विषयवार अभ्यासक्रम आणि सगळ्यात शेवटी पुस्तक. तेही सगळ्या वर्गांना एकदम येत नाही. या वेळी 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने.

आता आपण कुठे बोलतो ते बघा. 2017 मध्ये सातवीचं इतिहासाचं नवं पुस्तक आलं आणि त्यात मोगलांचा भाग अगदी थोडा उरला. त्यावर ओरड झाली ती शाळा सुरू झाल्यावर, पुस्तकं मुलांच्या दप्तरात गेल्यावर. ओरड रास्त होती, पण वेळ टळून गेली होती.

मे 2024 मध्ये राज्याच्या आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती मागवल्या गेल्या. मनुस्मृतीतल्या श्लोकावरून वाद पेटला, तो पेटायलाच हवा होता. पण माझ्या ओळखीच्या मंडळींत चर्चा तिथेच थांबली. भाषांबद्दलची पानं कुणी उघडली नाहीत.

वर्षभरात तोच प्रश्न सगळ्या राज्यापुढे आला. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. लोक वेळेवर बोलले. जूनमध्ये ‘अनिवार्य’ शब्द गेला आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा झेपतात का, हा वाद सुरू होता. अहो, आमच्या वर्गात ते रोज चालतं! उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही पहिलीपासून. अलिफ-बे उजवीकडून लिहायचं, क-ख-ग डावीकडून. कोणतं मूल कुठे अडतं, घरी दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्याला काय सोपं जातं, हे उर्दू शाळेतल्या शिक्षकाला तोंडपाठ असतं. साऱ्या राज्याला उपयोगी पडेल असा हा अनुभव. पण मी ऐकलेल्या चर्चांत तो कुणी मांडला नाही.

तो मांडणं तुम्हाला जमेल. तुम्हाला उर्दू शाळा आतून माहीत आहे, नाहीतर तुमच्या बहिणीला, शेजाऱ्याला माहीत आहे. आणि तुम्ही उत्तम मराठी लिहिता. समितीच्या टेबलावर चालणारी भाषा मराठीच आहे.

म्हणून पुढचा मसुदा येईल तेव्हा चौघांनी मिळून पानं वाटून घ्या. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहू नका. पान क्रमांक लिहा. तिथे काय म्हटलंय ते लिहा. त्यामुळे वर्गात काय घडेल ते लिहा आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं तेही द्या. एखाद्या शिक्षिकेला विचारून एक खरं उदाहरण जोडा. मुदतीच्या आत पाठवा, पोच घ्या आणि प्रत जवळ ठेवा.

आणि फक्त आपल्या मुलांपुरतं लिहू नका. पारधी वस्तीवरचं मूल, ऊसतोड कामगाराचं मूल यांचीही घरची भाषा पुस्तकात नसते. त्यांच्यासाठीही एक परिच्छेद लिहा. मग तुमची हरकत एका समाजाची तक्रार राहणार नाही, राज्यातल्या नागरिकाचं म्हणणं होईल.