वेताच्या खुर्चीची बैठक



अकोला जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेलें हिवरखेड हें माझें गांव. आमच्या ओसरीवर आजोबांची वेताची खुर्ची असे. एका वैशाखांत तिच्या बैठकीच्या चार पट्ट्या तुटल्या आणि घरांत ती टाकून देण्याची भाषा सुरू झाली. सांगाडा मात्र सागवानी. एकही सांधा ढिला नव्हता.

अशा वेळीं प्रथम चौकट पाहावी. तिच्या कडेनें ओळीनें छिद्रें असलीं, तर ती खुर्ची पुन्हा विणतां यावी अशीच घडविलेली आहे असें समजावें. जुनें विणकाम कापून छिद्रें मोकळीं करावीं. विणावयाची पट्टी म्हणजे वेताची चकचकीत साल. ती वीसेक मिनिटें पाण्यांत भिजवावी. प्रथम उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या, पुन्हा उभ्या, मग खालीं-वर गुंफलेल्या आडव्या आणि शेवटीं दोन दिशांच्या तिरप्या, अशा सहा फेऱ्यांनीं अष्टकोनी छिद्रांची जाळी तयार होते. काम चालूं असतां छिद्रांत लाकडी खुंट्या बसवून ताण राखावा आणि अखेरीस रुंद पट्टीनें कड झांकावी.

तिरपी पट्टी चुकीच्या बाजूनें गेली, कीं ती अडखळते, आणि तें बोटांना तत्काळ कळतें. म्हणूनच हें काम अंध कारागीर केवळ स्पर्शावर उत्तम करीत आले. आपल्या देशांतील अनेक अंधशाळांतून तें शिकविलें गेलें.

मेळघाटांत बांबू उदंड. पण वेत ही आसाम, केरळ, अंदमान येथील दमट अरण्यांत चढणारी ताडकुळांतील वेल आहे. वऱ्हाडचा कोरडा उन्हाळा तिला मानवत नाहीं. पट्टी वाळून ठिसूळ होते. यास्तव उन्हाळ्यांत अधूनमधून खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूस ओला कपडा फिरवावा. वरची चकचकीत बाजू पाणी फारसें शोषीत नाहीं. सैल पडलेली, पण न तुटलेली बैठक गरम पाण्यानें भिजवून सावलींत वाळविली, म्हणजे पुष्कळदां पुन्हा ताठ होते. फळीवरचा डबा काढण्यासाठीं मात्र तिच्यावर कधींही उभें राहूं नये.

आमची खुर्ची अकोल्यास एका अंध कारागिराकडून विणून घेतली. मजुरी प्लॅस्टिकच्या नव्या खुर्चीहून अधिक पडली, म्हणून घरांत थोडी कुरकुरही झाली. परंतु विणावयास खुर्चीच आली नाहीं, तर विणणारा आपल्या मुलाला हें काम काय म्हणून शिकवील? आपल्या माळ्यावर अशी एखादी खुर्ची पडली असेल, तर ती खालीं काढून तिची चौकट एकदां पाहावी, इतकीच माझी विनंती आहे.